लिव्हर-अ‍ॅक्शनसाठी जड शिशाच्या गोळ्या भरताना या चुका टाळा

लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे खालचा दांडा फिरवून काडतूस चढवायची रायफल. तिची काडतुसं स्वतः भरताना नळीत शिसं चिकटायला लागलं की बहुतेकांचा पहिला उपाय ठरलेला: गोळीच्या शिशाचं मिश्रण आणखी कडक करायचं. माझ्या मते संशय आधी मापावर घ्यावा. गोळी नळीपेक्षा बारीक असेल तर तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो, बूड वितळवतो आणि तेच शिसं नळीला फासतो. कडक गोळी दाबाखाली फुगून फट बुजवत नाही, म्हणून कधीकधी दुखणं उलट वाढतं.

तेल लावलेल्या नळीतून मऊ शिशाचा तुकडा ठोकत बाहेर काढा आणि त्या तुकड्यावरून नळीतल्या पीळदार खाचांच्या तळाचा व्यास मायक्रोमीटरने मोजा. गोळी त्याहून ०.००१ ते ०.००२ इंच जाड हवी. .३०-३० या काडतुसाला तांब्याचं आवरण असलेली गोळी ०.३०८ इंचाची असते, पण शिशाची ओतलेली सहसा ०.३०९ किंवा ०.३१० ची लागते.

इथेच एक छुपी गोम आहे. केसचं, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाचं, तोंड रुंदावणारा डायमधला (कवच घडवणाऱ्या साच्यातला) खुंट बहुधा आवरणवाल्या गोळीच्या मापाचा असतो. मग घट्ट पितळ मऊ शिशाला आवळून पुन्हा बारीक करतं. शंका आली की भरलेल्या काडतुसातली एक गोळी उपसून मोजा. जाड खुंट वापरला की प्रश्न सुटतो. तोंड किंचित फाकवलं नाही तर गोळी बसताना शिशाचं कडं तासलं जातं, ते वेगळंच.

आता नळीवजा मॅगझिन, म्हणजे काडतुसं एकामागे एक ठेवायची नळी. त्यात प्रत्येक गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) टेकलेलं असतं. टोकदार किंवा अरुंद गोल नाकाची गोळी बार उडाल्याच्या धक्क्याने तो प्रायमर फोडू शकते. चपटं, रुंद नाकच घ्या. यात तडजोड नाही.

त्याच धक्क्याने आणि स्प्रिंगच्या रेट्याने गोळी केसमध्ये आत सरकते. जागा कमी झाली की दाब चढतो. म्हणून केसचं तोंड गोळीच्या क्रिम्प-खाचेत (गोळीभोवतीच्या खोबणीत) नीट वळवा. सगळ्या केस एका लांबीच्या नसतील तर क्रिम्प एकसारखा येत नाही. आधी त्या छाटा.

काडतूस फार लांब झालं तर उचलणाऱ्या कॅरिअरवर अडकतं. नाक नळीतल्या खाचांत रुतलं तर न झाडलेलं काडतूस काढताना गोळी नळीतच राहते आणि दारू यंत्रात सांडते. प्रायमर नसलेली, दारू न भरलेली दोन-चार नकली काडतुसं करून आधी लिव्हर फिरवून पाहा.

वजनाचा हव्यासही नडतो. जुन्या मार्लिन १८९४ रायफलीच्या .४४ मॅग्नम नळीत खाचांचा एक वेढा ३८ इंचांत पूर्ण होतो. ३०० ग्रेनची लांब गोळी त्यात डगमगू शकते. लक्ष्यावर लांबट, आडवं भोक दिसलं तर हलकी गोळी घ्या.

.४५-७० या काडतुसाबाबत आणखी सावध. १८७३ च्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफिल्ड या जुन्या रायफलीसाठीचं दारूचं प्रमाण आणि आजच्या मजबूत रायफलींचं प्रमाण पुस्तकांत वेगवेगळं दिलेलं असतं. पान चुकवू नका. त्याच गोळीसाठी छापलेल्या किमान मात्रेपासून सुरुवात करा. एखादा बार दबका वाजला तर पुढचा झाडण्याआधी थांबा, रायफल रिकामी करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा.