पावसाळ्यात परदेशी अजगराची ऊब सांभाळा

बेळगाव-खानापूरकडे झड लागली की जुलैतही घरात गारठा असतो आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. बॉल पायथन या पाळीव परदेशी अजगराला त्याच्या पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश ऊब लागते. ती नसताना भक्ष्य दिलंत तर ते पचत नाही. साप ओकून टाकतो आणि फार खंगतो, बघवत नाही. म्हणून वीज गेली की खाणं पुढे ढकला. निरोगी प्रौढ सापाला एक-दोन आठवड्यांचा उपास सहज झेपतो. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळूनच पेटीत ठेवा. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अशा परदेशी सापाची नोंदणी हवीच. रानातला आपला अजगर पाळणं मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. उसात दिसला तर वनखात्याला कळवा.