दमा आटोक्यात, तरी जिना चढताना धाप: माझा अनुभव

लक्षण असं: रोजचा प्रतिबंधक इन्हेलर वेळेवर, पीक फ्लो मीटरचं (जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारं साधन) रीडिंग नेहमीसारखं 380 ते 400, तरी दुसऱ्या मजल्यावर धाप लागायची, छाती भरल्यासारखी व्हायची आणि सारखे उसासे यायचे.

वाफ घेतली, फुगे फुगवले. जोरजोरात कपालभाती केली, तर खोकलाच वाढला. दोन वर्षं अक्षरशः वैतागलो होतो.

शेवटी फिजिओथेरपिस्टनी एक हात छातीवर, एक पोटावर ठेवायला लावला. हलत होता फक्त वरचा. मी छातीच्या वरच्या भागाने, तोंडाने, भराभर श्वास घेत होतो.

मग हे केलं. खुर्चीत टेकून बसायचं, खांदे सैल. तोंड मिटून नाकाने हळू श्वास, मनात 2 मोजत. पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा जवळपास स्थिर. मग शीळ घालताना करतो तसे ओठ करून 4 मोजत सोडायचा. फुंकर जोराची नको, उच्छ्वास लांब हवा. चक्कर आली तर थांबायचं. सकाळ-संध्याकाळ 10 मिनिटं. तीन आठवड्यांनी तेच जिन्यावर: 2 पायऱ्या श्वास, 4 पायऱ्या उच्छ्वास.

दोन महिन्यांत धाप गेली. पीक फ्लो मात्र तेवढाच आहे. व्यायामाने माझ्या श्वसननलिका रुंदावल्या नाहीत, श्वासाची सवय बदलली. म्हणून प्रतिबंधक इन्हेलर चालूच आहे, आणि अटॅक आला तर आधी तातडीचा इन्हेलर.