वाहनविक्रीचे वार्षिक आकडे आणि कंपन्यांची क्रमवारी कशी वाचावी

देशात सर्वाधिक खपलेली मोटार कोणती, या प्रश्नाची दोन उत्तरे वर्षातून दोनदा छापून येतात आणि अनेकदा ती दोन्ही बरोबर असतात. २०२४ या कॅलेंडर वर्षात टाटा पंच सुमारे २ लाख २ हजार विक्रीसह पहिल्या क्रमांकावर होती. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या आर्थिक वर्षात मात्र १,९८,४५१ विक्रीसह मारुतीची वॅगन आर पहिली आली आणि १,९६,५७२ विक्री असलेली पंच दुसरी ठरली. त्यामुळे कोणतीही यादी हाती आली की आधी ती जानेवारी ते डिसेंबरची आहे की एप्रिल ते मार्चची, हे पाहावे आणि एका प्रकारच्या वर्षाची तुलना दुसऱ्या प्रकारच्या वर्षाशी करू नये.

त्यानंतर त्या यादीत ‘विक्री’ कशाला म्हटले आहे, हे तपासावे. वाहन उत्पादकांची संघटना ‘सियाम’ जे आकडे देते ते घाऊक विक्रीचे असतात, म्हणजे कारखान्यातून वितरकाकडे गेलेल्या गाड्यांचे. त्या गाड्या ग्राहकाच्या दारी गेल्या की शोरूममागच्या यार्डात धूळ खात उभ्या आहेत, हे त्यातून कळत नाही. वितरकांची संघटना ‘फाडा’ मात्र ‘वाहन’ पोर्टलवरील आरटीओ नोंदणी मोजते. सियामनुसार २०२४-२५ मध्ये ४३,०१,८४८ प्रवासी वाहने, म्हणजे मोटारी, एसयूव्ही आणि व्हॅन, विकली गेली, तर फाडाचा आकडा ४१.५ लाखांच्या आसपास आहे. हा दीड लाखांचा फरक म्हणजे न खपलेला साठा, असे घाईने म्हणू नये, कारण तेलंगणाची नोंदणी ‘वाहन’वर नसल्याने फाडाच्या गणतीत ते राज्य धरलेलेच नव्हते. तरीही साठ्याचा प्रश्न खरा असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये वितरकांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल इतका माल पडून असल्याचे फाडाने म्हटले होते, आणि अशा काळात घाऊक आकड्यावरून मागणीचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. ग्राहकांचा कल जाणून घ्यायचा असेल तर नोंदणीचे आकडे घ्यावेत आणि कारखान्यांची हालचाल समजून घ्यायची असेल तर घाऊक. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळणे मात्र टाळावे.

बाजारहिस्सा काढताना सर्वाधिक चुका होतात त्या कंपनीच्या बातमीतील पहिलाच मोठा आकडा उचलल्यामुळे. २०२४-२५ साठी मारुती सुझुकीने २२,३४,२६६ ही एकूण विक्री जाहीर केली. त्या बेरजेत ३,३२,५८५ गाड्यांची निर्यात होती, दुसऱ्या कंपनीला पुरवलेल्या १,०६,४२२ गाड्या होत्या आणि सुपर कॅरी हे मालवाहू वाहनही होते. हे सारे वजा केल्यावर देशांतर्गत प्रवासी वाहनांची विक्री उरते १७,६०,७६७. सियामच्या एकूण आकड्याने भागल्यास हिस्सा जवळजवळ ४१ टक्के येतो, पण एकूण विक्रीच भागून पाहिली तर तो ५२ टक्के होतो आणि निम्मा बाजार एकाच कंपनीच्या खिशात असल्याचा भास होतो. ह्युंदाईचेही तसेच आहे: एकूण ७,६२,०५२, त्यातील निर्यात १,६३,३८६ आणि देशात विकल्या गेल्या ५,९८,६६६. अंशात जे धरले तेच छेदात आहे ना, ही साधी खात्री प्रत्येक ओळीसाठी करून घ्यावी.

दुसऱ्या कंपनीला पुरवलेल्या गाड्यांचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. टोयोटाची ग्लान्झा म्हणजे मुळात मारुतीची बलेनो, रुमियन म्हणजे अर्टिगा आणि टायझर म्हणजे फ्रॉन्क्स. उलट मारुतीची इन्व्हिक्टो ही टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसवरून आलेली आहे. ब्रँडची क्रमवारी लावायची असेल तर ज्याचे बोधचिन्ह त्याची गाडी, हा नियम पाळावा. उत्पादकांची तुलना करायची असेल तर कारखाना कोणाचा ते पाहावे. ह्युंदाई आणि किया यांचेही असेच आहे, कारण समूह म्हणून त्यांची बेरीज केली तर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची चर्चाच निराळी होते. यापैकी कोणतीही पद्धत चूक नाही, मात्र आपण कोणती वापरली हे तक्त्याखाली लिहावे.

मॉडेलनिहाय क्रमवारीवर माझा विश्वास सर्वांत कमी आहे. महिंद्राच्या स्कॉर्पिओच्या आकड्यात स्कॉर्पिओ-एन आणि स्कॉर्पिओ क्लासिक या दोन वेगळ्या गाड्या एकत्र येतात, तर पंच आणि नेक्सॉन यांच्या आकड्यांत त्यांच्या विजेवरील आवृत्त्याही धरल्या जातात. एका नावाखाली किती गाड्या दडल्या आहेत हे पाहिल्याशिवाय पहिल्या दहांच्या यादीतील चौथा आणि सातवा यांत फार अर्थ शोधू नये.

मागील वर्षाशी तुलना करताना सणांचे पंचांग जवळ ठेवावे; निदान महाराष्ट्रात तरी त्यावाचून भागत नाही. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला आला. म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षात एकही पाडवा नव्हता आणि २०२४-२५ मध्ये दोन होते! पाडव्याला गाडी दारात आणण्यासाठी नोंदणी काही दिवस आधीच उरकली जाते, म्हणून राज्यातील मार्च-एप्रिलचे आकडे जोडीनेच वाचावेत. दसरा-दिवाळीलाही हाच नियम लावावा. २०२४ मध्ये दसरा आणि धनत्रयोदशी दोन्ही ऑक्टोबरात आल्या, तर २०२३ मध्ये त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात विभागल्या गेल्या होत्या. त्यामुळे एकट्या ऑक्टोबरची वाढ आणि एकट्या नोव्हेंबरची घट या दोन्हींकडे दुर्लक्ष करून दोन महिन्यांची बेरीज पाहावी. करबदलाचेही भान ठेवावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून २०२५-२६ चे आकडे त्या तारखेच्या आधी आणि नंतर असे दोन भागांत मांडणे इष्ट.

टक्केवारीतील वाढ वाचताना पाया तपासावा. २०२२-२३ मध्ये विक्री ३०.६९ लाखांवरून ३८.९० लाखांवर गेली, म्हणजे सुमारे २७ टक्के वाढली. पण आधीच्या वर्षी चिपच्या टंचाईने उत्पादनच अडले होते. २०१८-१९ च्या ३३.७७ लाखांशी ताडून पाहिले तर चार वर्षांत मिळून वाढ १५ टक्केच भरते.

स्वतःचा तक्ता करताना पाच वर्षांचे देशांतर्गत आकडे एकाच संस्थेकडून घ्यावेत, प्रत्येक ब्रँडसमोर संख्या आणि हिस्सा असे दोन स्तंभ ठेवावेत आणि क्रमांक सर्वांत शेवटी लिहावा. २०२४-२५ च्या घाऊक विक्रीत टाटा ५,५३,५८५ वर आणि महिंद्रा ५,५१,४८७ वर होती. एवढ्या मोठ्या बाजारात दोन हजारांचा हा फरक हिश्श्याच्या एका दशांश टक्क्याइतकाही नाही. अशा वेळी तिसरा आणि चौथा असे न लिहिता दोघांपुढे ‘३-४’ लिहावे.