नवे सूप सारवावे कसे आणि त्यात तांदूळ पाखडावा कसा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात गिरणीवरून आलेला तांदूळही घरी सुपात घेतला जातो, कारण मागे राहिलेला कोंडा, कणी आणि तूस न निघालेले धान त्यातच वेगळे करता येते. मात्र बुरडाकडून आणलेले कोरे सूप तसेच वापरू नये, ते आधी सारवून घ्यावे.

घेतानाच सूप उजेडासमोर धरावे. विणीतून कणी गळेल एवढी फट दिसली, तर ते घेऊ नये. बांबूच्या पाठीची, म्हणजे सालीकडची कामटी (चिरून काढलेली पट्टी) चकचकीत आणि टणक असते, तर पोटाकडची मऊ कामटी घुणाला लवकर बळी पडते, कारण तो बांबूतील पिष्टावर जगतो. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे व खाली पिवळसर भुकटी दिसल्यास ते सूप घेऊच नये.

सारवण हे खरे जिकिरीचे काम आहे. मूठभर मेथ्या रात्रभर भिजवून बारीक वाटाव्यात. त्यांचा बुळबुळीतपणा हाच येथे डिंक असतो. जुने कागद भिजवून केलेला लगदा त्यात कालवून तो आतबाहेर बोटांनी दाबून भरावा. काही घरी शेणही मिसळतात. धान्यासाठी मला कागद-मेथीच बरी वाटते. पहिला थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा पातळ हात द्यावा, कारण घाई केल्यास थर तडकतो आणि पापुद्रे तांदळात पडतात.

पाखडताना दोन ओंजळींहून अधिक तांदूळ घेऊ नये. बंद बाजू पोटाकडे आणि उघडे तोंड किंचित वर ठेवून मनगटाने हलका झटका द्यावा. दाणे जड असल्याने मागे परततात, हलका कोंडा तोंडावरून पुढे उडतो. वारा समोरून असेल, तर कोंडा डोळ्यांतच जाईल, म्हणून त्याकडे पाठ करून बसावे.

कोंडा गेल्यावर सूप आडवे धरून गोल घोळावे. खरखरीत, हलके धान वर येऊन मध्यभागी जमते, ते चिमटीने उचलावे. कणी तळाशी बसते आणि ती चाळणीने काढावी.

काम झाल्यावर सूप धुवू नये. कोरड्या फडक्याने पुसून चुलीच्या धुराजवळ खुंटीला टांगावे. सारवण निघून बांबू उघडा पडलेल्या जागी पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा मेथीचा हात फिरवावा.