दहावीच्या निकालाआधी उघडायची वही

देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका हायस्कुलात मी चोवीस वर्षं शिकवतेय. त्यातली बरीचशी वर्षं दहावीची वर्गशिक्षिका म्हणून गेली. दर निकालाच्या दुपारी शाळेच्या पायरीवर कोणाचा तरी बाप पेढ्यांचा पुडा घेऊन येतो आणि विचारतो, "बाईनू, झिलाक आता खय घालूचो?" कोकण बोर्डाचा निकाल राज्यात अव्वल लागतो, आमची पोरं मार्कांत कुठंच कमी नसतात. पण त्या दुपारी मला या प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही. तोवर दाखले काढलेले नसतात, पैशांचा हिशेब मांडलेला नसतो आणि ज्याला घालायचंय त्या मुलाशी कोणी बोललेलंच नसतं. म्हणून हे काम मी नववीच्या दिवाळीत सुरू करते. तुम्ही शिक्षक असा किंवा आईबाप, तेव्हापासूनच सुरुवात करा.

प्रत्येक मुलाला शंभर पानी वेगळी वही करायला सांगा. "मोठेपणी कोण होणार?" हा प्रश्न त्यात नको. त्याला मुलं डॉक्टर, कलेक्टर असं ऐकलेलं उत्तर देतात. पहिल्या पानावर एवढंच लिहायला सांगा: शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत मी काय काय करतो आणि त्यातलं कुठलं काम करताना वेळ कसा गेला ते कळत नाही. एका मुलाने त्या पानावर होडीच्या मशीनचे सुटे भाग लिहून आणले होते, सतरा नावं, त्यातली काही चुकीच्या स्पेलिंगची, आणि प्रत्येकापुढे तो भाग कशामुळे बिघडतो ते. कार्ब्युरेटरपुढे लिहिलं होतं, "खारं पाणी गेलं की पांढरं बसतं, पेट्रोलने धुवायचा." निबंधात पाच ओळींच्या पुढे कधी न गेलेला मुलगा. त्याच्या वडलांना मी ते पान दाखवलं आणि आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकचा विषय काढला. आज तो बंदरावर ट्रॉलरची इंजिनं उघडतो, आणि वडील पावसाळ्याआधी त्याच्याकडूनच मशीन सर्व्हिस करून घेतात.

दाखल्यांचं पान

या पानाला सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या डोळ्यांसमोर जी नुकसानं झाली, त्यातली अर्धी मार्कांमुळे नव्हती, कागदांमुळे होती.

नववीत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास यांची तयारी करा. अर्ज सेतू केंद्रात किंवा आपले सरकारवर होतो. कुणबी, भंडारी अशा ओबीसी घरातल्या मुलांना नॉन क्रीमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचं प्रमाणपत्र, लागतं. त्यावर मुदतीची तारीख छापलेली असते, बहुधा ३१ मार्च. प्रवेशाच्या वर्षी ती उलटून गेलेली नाही ना, हे बघा.

खरा वेळ खाते ती जात पडताळणी. इंजिनिअरिंग, फार्मसी अशा डिग्रीला राखीव जागा हवी तर व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, लागते. अर्ज साधारणपणे अकरावी-बारावी सायन्सला असताना कॉलेजमार्फत जातो, पण पुरावे त्याच्या खूप आधी शोधायला लागतात. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद बघतात, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीची, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची. म्हणजे आजोबांची किंवा पणजोबांची. ती दोन ठिकाणी सापडते. एक, आजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले तिथल्या रजिस्टरचा उतारा. दोन, तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममधला गाव नमुना १४, ज्याला जुनी माणसं कोतवाल बुक म्हणतात, त्यातली जन्म-मृत्यूची नोंद. आपल्याकडे अडचण अशी की जुन्या नोंदीत आडनाव नसतंच. नुसतं नाव, बापाचं नाव आणि जात. किंवा तेव्हा वाडीचं नाव लावलेलं आणि आता आडनाव दुसरंच. अशा वेळी वंशावळ नीट लिहून प्रतिज्ञापत्र करावं लागतं, आणि हे समजावून सांगणारा म्हातारा माणूस घरात असेपर्यंतच ते सोपं असतं. म्हणून वहीतली वंशावळ मुलाला आजीजवळ बसून लिहायला सांगा. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून मी हाच देते.

माझ्या एका विद्यार्थिनीला सीईटीत, म्हणजे डिग्रीच्या प्रवेश परीक्षेत, चांगले मार्क होते. तिची फाइल एका कार्यालयात पडून राहिली, आजोबांच्या नावातल्या एका अक्षरासाठी. दुरुस्तीचं पत्र आलं ते भलत्याच पत्त्यावर. राखीव जागा गेली आणि तिला हवी होती ती शाखाही गेली. ती मुलगी आमच्या घरच्या पायरीवर बसून रडली नाही, नुसती विचारत राहिली, "बाई, माझं काय चुकलं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. दोन वर्षं आधी ती फाइल उघडायला हवी होती आणि ते तिला सांगायचं काम माझं होतं. तेव्हापासून हे पान मी स्वतः तपासते.

याच पानावर मोबाइल नंबर, ईमेल आणि पासवर्ड लिहून ठेवा. हे किरकोळ वाटेल, पण फॉर्म सायबरवाल्याच्या नंबरवर भरला आणि तो नंबर बंद पडला, किंवा वडलांच्या नंबरवर भरला आणि ओटीपी यायच्या वेळी ते समुद्रात बोटीवर, हे दोन्ही प्रकार मी पाहिलेत. नंबर असा द्या की जो घरात असतो आणि पाच वर्षं बदलणार नाही. बहुतेक घरांत तो आईचा असतो.

रस्ते दोनच लिहा

मुलाला दहा पर्याय सांगितले की तो एकही धरत नाही. एक रस्ता मनाचा आणि एक तो न जमल्यास धरायचा, दोन्ही वहीत समोरासमोर. प्रत्येकापुढे कुठे, किती वर्षं, प्रवेश कशावर, खर्च किती.

जवळचं आधी बघा. दहावीनंतर तालुक्याला आयटीआय आहे. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथला डिप्लोमा दहावीच्या मार्कांवर मिळतो आणि तो झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची वाट उघडी असते. त्यामुळे आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. बारावी सायन्सनंतर कुडाळजवळ मुळद्याला उद्यानविद्या, रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय, दापोलीला कृषी विद्यापीठात शेती आणि वनशास्त्र. बागायतदाराची आणि मच्छीमाराची मुलं इथं कमी जातात याचं मला फार वाईट वाटतं. त्यांना जे घरात बसून ठाऊक आहे ते दुसऱ्यांना तिथं पहिल्या वर्षी शिकावं लागतं.

अकरावीला सायन्स घेताना गणित सोडायची घाई करू नका. गणित सोडलं की इंजिनिअरिंग आणि बोटीवरच्या ऑफिसरचे कोर्स बंद होतात. आणि आर्ट्स-कॉमर्सला जाणाऱ्याला "मार्क कमी पडले का?" असं विचारू नका. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी निव्वळ या प्रश्नाच्या भीतीने सायन्सला गेली आणि दोन वर्षं कुढली.

बोटीवर जाणाऱ्यांसाठी

आमच्याकडे दर वर्गात तीन-चार मुलगे सांगतात, "माका बोटीर जावचा आसा." चांगली वाट आहे, पण याच वाटेवर सर्वांत जास्त फसवणूक होते. एका घरानं दागिने बँकेत ठेवून एजंटला पैसे दिले. मुलगा सात महिने मुंबईत एका खोलीत थांबला आणि जहाज न बघता परत आला.

तेव्हा क्रमाने असं करा. सगळ्यात आधी डोळे तपासा, विशेषतः रंग ओळखण्याची चाचणी. रंगांधळेपण निघालं तर पुढचा खर्च वाचतो. दहावीवर जीपी रेटिंगचा, म्हणजे जहाजावरच्या खलाशाचा, सहा महिन्यांचा कोर्स आहे, त्याला इंग्रजीचे मार्क बघतात, म्हणून नववीपासून इंग्रजी सोडू नका. ऑफिसर व्हायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि त्यानंतर आयएमयूची, म्हणजे इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची, सीईटी. संस्था डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या, मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे त्यांच्याच वेबसाइटवर स्वतः बघा, संस्थेने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. नोकरी लावणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरण्याचा, परवाना लागतो, तोही तिथंच तपासता येतो. आणि नोकरी लावण्यासाठी पैसे मागणाऱ्या माणसाला घरात बसवू नका, तो गाववाला असला तरी.

पैसे, आंबा आणि मुंबईचे मामा

खर्चाचं पान बापाबरोबर भरायचं. मी शक्यतो खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जाऊन बसते. मागच्या वर्षी एका घरी गेले तर वडील आंबा भरत होते. पेंढ्यावर फळ ठेवताना हात थांबत नव्हते, बोटं चिकाने काळी पडलेली. मी एकेक आकडा विचारला: फी, हॉस्टेल, मेस, घरी यायचं-जायचं भाडं. ते पेट्यांमध्ये हिशेब सांगत होते, "ह्या म्हणजे चाळीस पेटयो झाल्यो." मुलगी शेजारी बसून लिहीत होती. आपल्या शिक्षणाला किती पेट्या लागतात हे तिनं पहिल्यांदा पाहिलं, आणि वडलांनी पहिल्यांदा पाहिलं की ते जमण्यासारखं आहे.

कारण त्यातला मोठा आकडा आम्ही तिथंच खोडला. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही सवलत जाते. मुलांनाही महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्त्या आहेत. बँक खातं आधारला जोडलेलं असायला हवं, नाहीतर मंजूर झालेले पैसे येत नाहीत. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो, तोही हिशेबात धरा.

आपल्याकडचं वेळापत्रक मात्र उलटं आहे. सीईटी एप्रिल-मेमध्ये, नेमकं तेव्हा घर बागेत. फॉर्म जूनमध्ये, तेव्हा पाऊस, लाइट नाही, रेंज नाही. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. म्हणून सगळे कागद मार्च उजाडायच्या आत स्कॅन करून मोबाइलमध्ये ठेवा आणि शेवटच्या तारखेच्या निदान चार दिवस आधी फॉर्म भरा.

मे महिन्यात चाकरमानी येतात. मामा, काका मायेनेच बोलतात, पण वर्षभर ठरवलेलं एका संध्याकाळी मोडतं. "मुंबैक पाठव, मी बघतंय." त्यांना टाळू नका. वही त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा: खोलीत झोपायला जागा किती, कॉलेजला जायला किती वेळ, किती वर्षं ठेवून घ्याल? उत्तर पक्कं असेल तर तो तिसरा रस्ता म्हणून लिहा.

नापास झालेल्या मुलाची वही

ती बंद करू नका. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला बसता येतं. शाळा कायमची सुटलेल्याला बाहेरून परीक्षा द्यायला सतरा नंबरचा फॉर्म आहे. त्या आठवड्यात त्याच्या घरी जा. मी निकालाच्या दुसऱ्या दिवशी जाते, कारण पहिल्या दिवशी घर ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं आणि आठ दिवसांनी पोरगा ट्रॉलरवर गेलेला असतो.

शेवटची गोष्ट गणपतीतली. बाहेर शिकणारी सगळी मुलं तेव्हा घरी असतात. गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना शाळेत बोलवा. भाषण नको. एकेकाला नववी-दहावीच्या चार-पाच मुलांमध्ये व्हरांड्यात बसवा आणि शिक्षकांनी बाजूला व्हा. मुलांच्या हातात तीन प्रश्न लिहून द्या: पहिल्या महिन्यात काय जड गेलं, दर महिन्याला खरे पैसे किती लागतात, कुठला कागद नव्हता म्हणून अडलं. उत्तरं वहीत लिहून घ्यायची, सांगणाऱ्याचा फोन नंबर त्याला विचारून खाली.