अवे मॅचच्या आधी चांगला पब शोधताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये एखाद्या फुटबॉल क्लबचा नाद लागला की त्याच्यामागे परगावी जाणं आलंच. अवे मॅचचं निम्मं सुख त्या गावाच्या बिअरमध्ये आहे, असं मी मनापासून मानतो. दर वीस-तीस मैलांवर वेगळी ब्रूअरी म्हणजे बिअर बनवणारा कारखाना, वेगळी चव. तरी आपली बरीच मंडळी तिथे जाऊन तीच लागर, म्हणजे थंडगार फसफसती बिअर, पितात, जी लंडनच्या विमानतळावरही मिळते. पबचा शोध ऐन वेळी आणि भलत्याच जागी घेतला की असं होतं.

ग्राउंडच्या दारातला पब गाठणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नकाशावर स्टेडियमचं नाव टाकून जवळचा पब शोधला की समोर येतात ते यजमान क्लबच्या लोकांचे पब. दारावर ‘होम फॅन्स ओन्ली’ची पाटी असते आणि तुमच्या अंगात पाहुण्या संघाची जर्सी दिसली की दारावरचा माणूस परत पाठवतो. आत सोडलंच, तरी बारसमोर तीन-तीन रांगा, हातात प्लॅस्टिकचा ग्लास, आणि चवीबद्दल दोन शब्द बोलायला बारमागे कुणाला वेळ नाही.

त्यापेक्षा रेल्वे स्टेशन ते ग्राउंड हा रस्ता नकाशावर पाहा आणि त्याच्या आजूबाजूला शोधा. शेफिल्डचं उदाहरण घ्या. शेफिल्ड वेन्सडे या क्लबचं हिल्सबरो ग्राउंड शहराच्या मध्यापासून जवळजवळ पाच किलोमीटरवर आहे. गाडीतून उतरल्यावर स्टेशनातच ‘शेफिल्ड टॅप’ आहे, जुन्या उपाहारगृहाची देखणी खोली नीट दुरुस्त करून थाटलेला. पण थोडा धीर धरा. ग्राउंडकडे जाणाऱ्या ट्रामने शेल्समूरला उतरलात की केलम आयलंड हा जुना कारखान्यांचा भाग लागतो. तिथला ‘फॅट कॅट’ 1981पासून कास्क एलसाठी, म्हणजे पिंपातून थेट दिल्या जाणाऱ्या पारंपरिक बिअरसाठी, ओळखला जातो. 1990मध्ये त्याच्याच आवारात ब्रूअरी सुरू झाली आणि तिच्या ‘पेल रायडर’ला 2004मध्ये ब्रिटनच्या सर्वोत्तम बिअरचा मान मिळाला. ती ब्रूअरी 2022मध्ये थांबली, पण पेल रायडर आता बेकवेलची थॉर्नब्रिज ब्रूअरी बनवते. जवळच ‘केलम आयलंड टॅव्हर्न’ आहे. कास्क एल टिकावी म्हणून 1971पासून झटणाऱ्या ‘कॅमरा’ संघटनेने 2008 आणि 2009 असं लागोपाठ दोनदा त्याला देशातला सर्वोत्तम पब ठरवलं. इथे निवांत बसा आणि पुन्हा ट्राम पकडा.

बर्टन अपॉन ट्रेंटला तर मराठी माणसाने एकदा जावंच. तिथल्या क्लबचं टोपणनावच ‘ब्रूअर्स’, म्हणजे बिअर बनवणारे. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा) कडवटपणा स्वच्छ लागतो. 1820च्या दशकापासून इथली पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, जहाजाने कोलकाता-मुंबईकडे जाऊ लागली. इंडिया पेल एल म्हणतात ती हीच परंपरा. स्टेशनजवळच्या ‘कूपर्स टॅव्हर्न’मध्ये बर्टनचीच ‘बास’ ही एल प्या आणि मग ग्राउंडकडे चालत निघा, साधारण अर्धा तास लागेल.

वेळा न बघता निघणं

टीव्हीसाठी मॅचची वेळच काय, वारही बदलतो. तेव्हा गाडीचं तिकीट काढण्याआधी किक-ऑफ, म्हणजे मॅच सुरू होण्याची वेळ, पक्की करून घ्या. एका खोलीचे छोटे मायक्रोपब फार गोड असतात, पण काही दुपारी तीन-चारला उघडतात, म्हणजे तुम्ही ग्राउंडमध्ये बसल्यावर. मॅचच्या दिवशी काही पब स्वयंपाकघर बंद ठेवतात, हेही आधी विचारून ठेवा.

‘गरम’ म्हणून बिअर नाकारणं

कास्क एल जिवंत असते; पिंपातच ती दुसऱ्यांदा आंबते. ती 11 ते 13 अंशांना द्यायची असते आणि तिच्यात गॅस कमीच असतो. थंडगार, फसफसती बिअर पिणाऱ्याला ती बिघडल्यासारखी वाटते. खरी बिघडलेली ओळखायची ती व्हिनेगरच्या आंबूस वासावरून किंवा ओल्या पुठ्ठ्यासारख्या चवीवरून. तशी निघाली तर दोन घोट घेऊन लगेच बारवर न्या आणि हळू आवाजात सांगा. चांगला पब वाद न घालता बदलून देतो. अर्धा ग्लास संपवून केलेली तक्रार कुणाला पटत नाही.

बारवर पिंपातली बिअर ओढणारे हँडपंप जास्त म्हणजे पब चांगला, हाही गैरसमज. उघडलेलं पिंप तीनेक दिवसच उत्तम राहतं. म्हणून रिकाम्या पबातल्या दहा पंपांपेक्षा गजबजलेल्या पबातले चार बरे. काय घ्यावं कळत नसेल तर गावातल्या ब्रूअरीची कुठली आहे ते विचारा आणि घोटभर चाखायला मागा, आनंदाने देतात. पहिला पाइंट (मोठा ग्लास) साधारण चार टक्के अल्कोहोलच्या आतला घ्या. अर्धा पाइंट मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

शाकाहारी मित्राला न सांगणं

पुष्कळ कास्क एल नितळ करायला आयसिंग्लास वापरतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. ग्लासात ते जवळपास उरत नाही, पण शाकाहारी माणसाला हे आधी कळलंच पाहिजे. बारवर ‘अनफाइन्ड’ (म्हणजे अशी नितळ न केलेली) किंवा ‘व्हीगन’ एल विचारा. ती गढूळ दिसली तरी घाबरू नका. ‘स्टेक अँड एल पाय’मध्ये गोमांस असतं, चीज आणि कांद्याचा पाव बहुधा मिळतो.

कायदा विसरणं

1985च्या कायद्यानुसार दारूच्या नशेत ग्राउंडमध्ये शिरणं हा गुन्हा आहे आणि मैदान दिसेल अशा जागी बसून पिताही येत नाही. गाडी चालवणाऱ्याने न प्यायलेलंच बरं. स्कॉटलंडमध्ये तर रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा दर 100 मिलिलिटर रक्तामागे इंग्लंडच्या 80ऐवजी 50 मिलिग्रॅम आहे. खास मॅचसाठी ठरवलेल्या बसमध्ये दारू जवळ बाळगायलाही मनाई आहे. तेव्हा त्या गावची एखादी बाटली घरी न्यायची असेल तर रोजच्या साध्या रेल्वेने जा, आणि त्या दिवशी त्या गाडीत दारूबंदी जाहीर झालेली नाही ना, ते निघण्याआधी बघा.