गणेशोत्सवाच्या मंचावर कार्यक्रम बसवताय? निदान या चुका तरी टाळा

सोसायटीच्या नाहीतर मंडळाच्या मंचावर एका संध्याकाळी बारा-पंधरा आयटम सहज होतात. गणेशवंदना, बालगोपाळांचे नाच, दोन स्किट, कराओके, एखादी लावणी आणि शेवटी तरुण मुलांचा बँड. सगळे हौशी, सगळे घरचेच. सगळ्यांत मिळून एक साऊंड मिक्सर, चार-सहा माईक आणि फार तर वीस बाय सोळा फुटांचा मंच. महिनाभर तालीम होते ती आपल्या पाच मिनिटांची. त्याआधी मंचावर चढायची दोन मिनिटं आणि नंतर उतरायचं एक मिनिट, यांची तालीम कुणीच करत नाही. बोंब होते ती तिथेच, आणि बहुतेक वेळा ती आपल्यानंतरच्या गटाला निस्तरावी लागते.

ट्रॅक थेट यूट्यूबवरून लावणं

हे दर वर्षी सांगावं लागतं आणि दर वर्षी कुणीतरी करतंच.

दृश्य ठरलेलं आहे. आठ मुली मंचावर पोझ घेऊन उभ्या. त्यांच्यातल्या एकीचे बाबा मोबाईल घेऊन धावत मिक्सरपाशी येतात, साऊंडवाले दादा वायर जोडतात, प्ले दाबलं जातं आणि बॉक्समधून सुरू होते बाथरूमच्या टाइल्सची जाहिरात. प्रेक्षक हसतात. पाच सेकंदांनी जाहिरात उडवली, गाणं लागलं, पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी बाबांना ऑफिसातून फोन. रिंगटोन सगळ्या मांडवात. फोन कापेपर्यंत गाणं थांबलेलं, चार मुली थांबलेल्या, चार नाचतायत. मग निवेदिका माईक घेऊन म्हणते, "टाळ्यांच्या गजरात पुन्हा एकदा!" साडेतीन मिनिटांचा नाच नऊ मिनिटांवर जातो.

"आमच्याकडे प्रीमियम आहे, जाहिराती येत नाहीत" हे उत्तर घेऊन येणाऱ्यांसाठी: त्या वेळी मांडवात तीनचारशे मोबाईल असतात आणि निम्मे लोक आपापल्या मुलांचा व्हिडिओ नातेवाइकांना पाठवत असतात. नेटवर्क तिथेच दम तोडतं. गाणं अडकतं ते अंतऱ्याच्या मध्यावर.

ट्रॅकची फाईल हातात हवी. एमपीथ्री असेल तर ३२० केबीपीएस, नाहीतर वेव्ह (डब्ल्यूएव्ही) फाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेलं गाणं नको; पाठवतानाच तो व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि मोठ्या बॉक्सवर झांजा फाटक्या वाजतात. पेनड्राइव्ह एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, कारण मिक्सरला जोडलेले बरेच साधे प्लेअर दुसरं काही वाचत नाहीत. त्यात फक्त तुमची फाईल ठेवा. भाचीच्या लग्नाचे फोटो त्यात नकोत. फाईलचं नाव असं: आयटमचा क्रमांक, गटाचं नाव, लांबी. 'फायनल न्यू २' या नावाच्या तीन फाइली मिक्सरपाशी उघडून बघायची ती वेळ नव्हे.

तीन गाण्यांचं मेडले असेल तर घरीच एक फाईल करा. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर त्याला पुरतं. तुकडे जोडा, तिन्हींचा आवाज एका पातळीवर आणा, विंगेतून एंट्री असेल तर सुरुवातीला दोन सेकंद शांतता ठेवा. "दादा, दुसऱ्या कडव्यानंतर हळूच बंद करा आणि मग तिसरं गाणं लावा" असं साऊंडवाल्यांना सांगणं म्हणजे तुमचं काम त्यांच्या गळ्यात मारणं आहे. त्यांच्यासमोर त्या संध्याकाळी पंधरा गट असतात.

मोबाईल हा राखीव म्हणून ठीक. एअरप्लेन मोड सुरू, ब्लूटूथ आणि वायफाय बंद आणि गजर काढून टाकलेला. एअरप्लेन मोडमध्येही गजर वाजतो, हे लोक विसरतात. चार्जर काढून मग मिक्सरला जोडा, नाहीतर बॉक्समध्ये घुरघूर येते. फोनला गोल पिनचं भोक नसेल तर टाइप-सीचं कनेक्टर स्वतःचं आणा. ब्लूटूथवरून वाजवू नका. फोनचा मालक पाणी प्यायला लांब गेला की गाणं तुटतं. आणि मिक्सरपाशी नाच माहीत असलेला एक मोठा माणूस उभा करा, ज्याने मुली पोझमध्ये आल्या की हात खाली करायचा. प्ले तेव्हाच.

"पाचच मिनिटं जास्त घेतली"

हिशेब करा. चौदा गटांनी प्रत्येकी तीन मिनिटं जास्त घेतली की बेचाळीस मिनिटं गेली. ही बेचाळीस मिनिटं शेवटच्या गटाच्या खिशातून जातात, कारण दहाच्या पुढे वेळ नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत १२ पर्यंत वाढवता येते, पण ते दिवस आधीच जाहीर झालेले असतात आणि तुमचा कार्यक्रम त्यात बसेलच असं नाही. पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्रभराच्या मैफिली याच नियमामुळे बंद झाल्या. तिथे रात्रभराची सूट नाही, मग आपल्या पार्किंगमधल्या मंचाला कुठून मिळणार?

वेळ मोजायची ती आधीच्या गटाची शेवटची टाळी वाजल्यापासून तुमचं शेवटचं सामान विंगेत जाईपर्यंत. पाच मिनिटं मिळाली असतील तर ट्रॅक साडेतीन मिनिटांपेक्षा लांब नको. निवेदकाकडे दोन ओळींची ओळख लिहून द्या. बावीस जणांची नावं, नृत्यदिग्दर्शिकेचे आभार, वेशभूषेचं सौजन्य, हे सगळं नोटीस बोर्डावर लावा, लोक तिथे आवडीने वाचतात. आणि मंचावरून "वन्स मोअर हवा का?" असं स्वतःच विचारणाऱ्यांना पुढच्या वर्षी पहिल्या नंबरवर टाकावं, सहा वाजता, रिकाम्या खुर्च्यांसमोर.

एकच तबला, सगळ्या पट्ट्या

गाण्याचे आयटम लागोपाठ ठेवतात आणि सगळ्यांना साथीला एकच तबलजी असतो. इथे गोंधळ असा होतो: काका काळी एकमध्ये (म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी 'सा' धरून) गाऊन उठतात, पाठोपाठ काकू काळी चारमध्ये गायला बसतात. तबलजी हातोडी घेऊन ठोकत राहतो, प्रेक्षक गप्पांना लागतात, आणि शेवटी तबला ना इकडचा ना तिकडचा. एखादा तबला एक-दीड सूर वरखाली जातो. त्यापलीकडे ओढला तर वादी (ताणाची चामडी पट्टी) तुटते नाहीतर पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) जाते. त्यामुळे "दोन मिनिटांत लावून घ्या ना" असं म्हणण्यात अर्थ नाही.

उपाय आधी करायचा असतो. गायकांची यादी पट्टीप्रमाणे लावा: काळी एक, पांढरी दोन, काळी दोनवाले एकत्र, काळी चार-काळी पाचवाल्या एकत्र. मध्ये एखादा नाच घाला, तेवढ्यात तबला बदलतो. तबलजीला पट्ट्या आठवडाभर आधी कळवा म्हणजे तो लहान तोंडाचा आणि मोठ्या तोंडाचा असे दोन तबले आणेल. एकच आणणं शक्य असेल तर काळी चारचा आणायला सांगा. तो काळी चारच्या गायिकेला षड्जात ('सा'मध्ये) लागतो आणि काळी एकच्या गायकाला पंचमात ('प'मध्ये). गाण्यात पंचम असला की काम भागतं.

भाद्रपदातली हवा दमट. चामडं ओल धरतं आणि सूर उतरतो. तबला घरून लावून आणला तरी मांडवात अर्धा तास झाकून ठेवा, मग विंगेत पुन्हा लावा. मोठा फरक गट्ट्यांवर (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांवर), बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर). जुने हॅलोजन दिवे जवळ असतील तर उलट होतं: चामडं तापून सूर चढतो. एलईडी पार दिव्यांना ही भानगड नाही.

कराओकेवाल्यांनी पट्टी घरीच बदलून फाईल आणावी, एक-दोन सुरांपलीकडे नको, पुढे ट्रॅकमधली वाद्यं विचित्र ऐकू येतात. आणि कराओकेबरोबर हार्मोनियम वाजवू नका. जुन्या गाण्यांचे ट्रॅक बरेचदा दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी असतात. हार्मोनियमचे सूर ठरलेले असतात. दोघांची भांडणं सगळ्यांना ऐकू येतात.

स्किटच्या शेवटी ब्लॅकआऊट

नाट्यगृहात जमतं, मांडवात नाही. बाप्पाच्या मखराचे दिवे कुणी बंद करू देत नाही, रस्त्यावरचा दिवा तुमच्या हातात नसतो, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतली ट्यूब तर चालूच असते. मग मंचावर 'मेलेला' नायक सगळ्यांदेखत उठून पँट झटकत विंगेत जातो. शेवट वाक्यावर करा, नाहीतर सगळे गोठून उभे राहा आणि निवेदकाने टाळी घ्यावी. दृश्यबदलही उजेडात करायचा असं धरूनच लिहा: टेबल पात्रानेच आणायचं, पात्रानेच न्यायचं.

संवादांचंही तसंच. आठ पात्रं आणि दोन माईक असतील तर आठ जणांनी रांगेत उभं राहून काय उपयोग? माईक मंचाच्या पुढच्या कडेला दोन जागी ठेवा आणि बोलणारा त्या जागी येईल अशीच हालचाल बसवा. मंचावर चिकटपट्टीने खूण करा, आणि आयटम झाला की ती काढा. दुसऱ्यांच्या खुणांवर नाचणारी मुलं बघितली असतील तर कारण सांगायला नको.

माईक

जाळीवर मूठ आवळून धरू नका. जाळी झाकली की माईक चहूबाजूंचा आवाज ओढतो आणि शिट्टी येते. दांडा धरा, तोंडापासून तीन-चार बोटं अंतर ठेवा. कॉर्डलेस घेऊन गाता गाता प्रेक्षकांत उतरायचा मोह होतो. मुख्य बॉक्सच्या पुढे गेलात की शिट्टी ठरलेली. माईकवर फुंकू नका, टिचकी मारू नका. सेल त्याच संध्याकाळी नवे टाका. कॉर्डलेसचा स्विच बंद करू नका, आवाज मिक्सरवरून बंद करतात. आवाज तपासताना "हॅलो, चेक" म्हणू नका; गाण्यातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण आवाजात म्हणा. घाई करणारे गुणगुणून उतरतात आणि कार्यक्रमात तार सप्तकात गेले की बॉक्समधला आवाज फाटतो. मग दोष साऊंडवाल्यांना.

फुलं, पाणी, चमकी

पाकळ्या उधळल्या की फोटो छान येतात. पुढच्या आयटमला सहा वर्षांची मुलं अनवाणी येतात आणि झेंडूच्या चिरडलेल्या पाकळीवर घसरतात. पेपर ब्लास्टमधून उडणारे कागदाचे तुकडे हार्मोनियमच्या पट्ट्यांत आणि कीबोर्डच्या फटींत जातात. कोळीनृत्यातलं पाणी मॅटखाली झिरपतं आणि तिथेच एक्स्टेंशनची वायर असते. माझं मत सरळ आहे: सामाईक मंचावर पाणी, तेल, पाकळ्या आणि चमकी नकोच. हट्टच असेल तर तो आयटम मध्यांतराआधी ठेवा, झाडू आणि सुकं फडकं स्वतःचं आणा, आणि झाडायला मोठी माणसं ठेवा. पोरं झाडू घेऊन खेळतात.

एकेका ओळीत

मंचावरून एकदा तरी अनवाणी चाला: फळ्यांचे सांधे, वर आलेले खिळे आणि मॅटच्या सुरकुत्या पायालाच कळतात, खिळा दिसला तर मांडववाल्यांना लगेच ठोकायला सांगा. घुंगरांचा आवाज मॅट खाते, म्हणून लावणी किंवा कथक असेल तर तेवढ्यापुरती मॅट गुंडाळा. अकूस्टिक गिटारच्या पिकअपला बहुधा नऊ व्होल्टची बॅटरी लागते, नवी आणा. बँडवाल्यांनी ड्रम मंचामागेच जोडून ठेवावेत, मंचावर नुसते उचलून आणावेत. हेडसेट माईक वेशभूषेच्या आधी लावा, नंतर नाही. मुंडावळ्या आणि वायर एकदा गुंतल्या की सोडवायला विंगेत उजेड नसतो.

उतरणं

शेवटची पोझ झाली, टाळ्या झाल्या, आता फोटो. इथे मंच अडकतो. फोटो मंचाखाली, मखरासमोर काढा. आधीच ठरवून ठेवा: कुणी काय उचलायचं, कुठल्या बाजूने उतरायचं. एकाच विंगेतून उतरणारा आणि चढणारा गट समोरासमोर आला की शिडीवर चेंगराचेंगरी होते. चढायचं डावीकडून, उतरायचं उजवीकडून, असं सगळ्या गटांना सकाळीच सांगून ठेवावं. कॉर्डलेस माईक पुढच्या गायकाच्या हातात द्या. खिशात घालून घरी नेऊ नका, तो दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर शोधावा लागतो. आणि पेनड्राइव्ह मिक्सरमधून काढताना साऊंडवाल्यांना विचारून काढा, तोवर पुढच्या गटाचं गाणं सुरू झालेलं असू शकतं.